वक्र्याची चुकलेली भरती

समुद्राने माझ्या वडिलांना तोंडघशी पाडलं तो दिवस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. ‘खोटं कशाला बोलू’ हे सवयीने लिहिलं. त्या तीन आठवड्यांत मी दुसरं फारसं काही केलं नाही.

आम्ही तेव्हा आखातात, अल वक्र्याला राहत होतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तीन वर्षं होती आणि सगळा देश घरात लग्न निघाल्यासारखा वागत होता. जिकडे बघावं तिकडे खणलेलं, झाकलेलं, अर्धवट रंगवलेलं. मी एका रस्त्यांच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात होते. कुठला नकाशा आला, कुठला गेला, कुठला रद्द झाला, याची नोंद ठेवायची. एकेका रस्त्याचे इतके नकाशे माझ्या हातून गेले होते की खरा रस्ता समोर आला की तो मला रद्द झालेला वाटायचा. नवरा मेसईदच्या खत कारखान्यात. तो पुण्याचा. पाण्याशी त्याचा संबंध टाकी भरली की नाही, एवढ्यापुरता.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त, रायगडातल्या एका खाडीकाठच्या गावात आई गेल्यापासून एकटे. सोबत एक बॅग. तिच्यात दोन धोतरं, पंचांग आणि साबणाच्या डबीत गुंडाळून ठेवलेली दोरी, शिसं आणि सहा गळ. गळ टाकून मासे धरायला आमच्याकडे ‘गरवणं’ म्हणतात, आणि पाऊस ओसरला की आप्पांना घरात बसवत नाही. आश्विनात खाडीचं पाणी निवळतं, मासा आत येतो, आणि आप्पा गुडघाभर चिखलात.

आधीच्या वर्षी याच दिवसांत त्यांचा पाय खडकाच्या कपारीत अडकला होता. भरती सुरू झालेली. पाणी कमरेवर आलं तेव्हा एक होडी तिकडून गेली म्हणून सुटले. हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं, आणि असं रंगवून सांगितलं की मी खो खो हसले. फोन ठेवला आणि मग मला बसावं लागलं. त्या वर्षी हट्ट करून तिकीट पाठवलं ते याचसाठी. परतीचं तिकीट दसऱ्यानंतरचं होतं, पण माझ्या मनात ते दिवाळीनंतरचं होतं. आश्विन संपेपर्यंत आप्पा खाडीपासून लांब हवे होते. हे त्यांना सरळ सांगायचं? छे! आमच्या घरात सरळ बोलायची पद्धत नाही. आम्ही नाटकं करतो.

आठवडाभरात आप्पांनी फ्लॅट पायाखाली घातला. गॅलरी ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते गॅलरी. खाली जायचं तर ऊन. टीव्ही लावला तर फुटबॉल.

“गो बाय, माझं तिकीट अलीकडचं करून टाक,” सातव्या दिवशी ते म्हणाले.

“का? काय कमी आहे इथे?”

“कमी काही नाही. मीच जास्त झालोय.”

मी घाबरले. आणि घाबरले की मी जे करते तेच केलं: थाटात घोषणा. “आप्पा, इथे खाडी आहे!”

खाडी म्हणजे जुन्या बंदराच्या अलीकडे समुद्र वस्तीत घुसलाय तो चिंचोळा फाटा. एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला क्रेन, मध्ये पाणी आणि पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या दहा-बारा पायऱ्या. संध्याकाळी तिथे चार-दोन माणसं गळ टाकून बसलेली दिसायची. आप्पा एकदम ताठ झाले. पंचांग उघडलं.

“आज षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. साडेचारला भरती.”

आमच्या किनाऱ्यावर हे गणित पोरांना पाढ्यांबरोबर येतं. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ हातात. आप्पांनी साठ वर्षं याच गणितावर पाण्यात पाय घातला आणि पाणी कधी चुकलं नाही. मी ऑफिसातून लवकर निघाले, फ्रीझरमधली कोळंबी घेतली आणि सव्वाचारला आम्ही पायऱ्यांवर हजर.

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब, लाजून गेल्यासारखं. पायऱ्यांखाली करडा चिखल, त्यात एक टायर आणि टायरवर बसलेला बगळा. तो आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे.

आप्पांनी घड्याळ पाहिलं, मग आकाश, मग मला. “घड्याळ! अगो, तुमचं घड्याळ अडीच तास मागे. तिथंच घोटाळा झाला.”

दुसऱ्या दिवशी सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. त्यातून अडीच तास वजा, पावणेतीन. पावणेतीनच्या त्या उन्हात आम्ही दोघं छत्री धरून पुन्हा पायऱ्यांवर. गाडीचं दार उघडताना माझा हात भाजला. पाणी पुन्हा नव्हतंच. टायर होता. बगळाही उन्हाला कंटाळून गेला होता.

हाच तो दिवस. आप्पा पायरीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. “पाणी वेडं आहे इथलं,” एवढंच म्हणाले. आणि मला आनंद का झाला ते सांगते. परतीच्या वाटेवर ते तिकिटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर माझ्या ऑफिसची एक कोरी वही मागून घेतली, रेघा मारल्या आणि म्हणाले, “याचं गणित काढल्याशिवाय मी हलणार नाही. निदान पंधरवडा लागेल.”

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर बघितलं. दोन सेकंदांत निघालं. पुढच्या महिन्याभराच्या भरत्या-ओहोट्या, मिनिटांसकट. आखाती पाणी खरंच वेगळ्या चालीचं. कधी दिवसात दोन भरत्या, कधी एकच धड आणि दुसरी नावापुरती. तीनाचा पाढा त्याला शिवतसुद्धा नाही. मी फोन नवऱ्याला दाखवला.

“अगं, मग दाखव ना त्यांना. दोन सेकंदांचं काम.”

“म्हणूनच नाही दाखवायचं.”

“म्हणजे?”

“पंधरा दिवसांचं काम दोन सेकंदांत झालं तर ते उद्या कुठे असतील?”

नवऱ्याने थोडा विचार केला. “तू त्यांना कामाला लावलंयस.”

“तोंड बंद ठेवायचं. यल्ला, जेवायला चल.”

तर अशी आमच्या घरात वेधशाळा सुरू झाली. ऑफिस सुटल्यावर रोज आप्पांना पायऱ्यांवर न्यायचं. ते खडूने पाण्याची रेघ मारणार, वेळ लिहिणार, अर्ध्या तासाने पुन्हा रेघ. गळ टाकलेला असायचा, पण त्याच्याकडे लक्ष कुणाचं? दोन-चार बोटभर मासे लागले तेही त्यांनी सोडून दिले. पितृपक्ष चालू होता, पुढे घट बसले. घरात मासा शिजणार नव्हताच. ऑफिसात बसल्या बसल्या मला पाण्याची हुरहुर लागायची. टेबलाखाली फोन धरून मी भरती बघायची आणि संध्याकाळी भोळा चेहरा करून विचारायची, “आज काय म्हणतंय पाणी, आप्पा?” नाटकात मला कधी बक्षीस मिळालं नाही, हा परीक्षकांचा दोष आहे.

पायऱ्यांवर एक केरळी क्रेनवाला यायचा. त्याचं गावही खाडीकाठचं, त्यामुळे आप्पांशी त्याचं जमलं. दोघांचं हिंदी सारखंच तुटकं, म्हणून एकमेकांना अगदी छान कळायचं. एका बुधवारी त्याने पायऱ्यांच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. केशरी-पांढरे प्लास्टिकचे अडथळे रचून ठेवले होते आणि शेजारी निळ्या पत्र्यांची चळत.

“चाचा, संडे से बंद. सब दीवार लगेगा. वर्ल्ड कप का काम.”

“कितना दिन?”

“दिन नहीं चाचा. साल.”

आप्पांनी वही मिटली. जेवताना ताटावरून मान न उचलता म्हणाले, “शुक्रवारी शेवटचं पाणी. माझं गणित झालंय. शुक्रवारी सकाळी पावणेसहाला पूर्ण भरती.”

“वा!” मी म्हणाले.

“ऐक पुढे. पावणेसहाला पाणी आलं, तर मी दिवाळीपर्यंत राहतो, तुझ्या मनात आहे तसं. मला काय कळत नाही? आणि नाही आलं तर रविवारी मला विमानात बसव. साठ वर्षांचं गणित इथे येऊन मोडायचं असेल तर मी माझ्या खाडीवर बरा.”

नवऱ्याला ठसका लागला. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. फोनमध्ये शुक्रवारची भरती सव्वासातची होती.

आप्पांची चूक माझ्यामुळेच झाली होती. मी त्यांना नेत होते संध्याकाळी; सकाळचं पाणी त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. संध्याकाळवरून सकाळ काढली आणि दीड तासाने घसरले. सांगावं तर इतके दिवस बनवलं हे उघड, आणि आप्पा रविवारी विमानात. न सांगावं तर पावणेसहाला चिखल, आणि आप्पा रविवारी विमानात. दोन रात्री मी कूस बदलत काढल्या.

गुरुवारी मला उपाय सुचला. पाणी लवकर येणार नसेल तर आप्पांना उशिरा न्यायचं.

शुक्रवारी ते साडेचारलाच आंघोळ करून दारात उभे. मी गाडीची किल्ली हरवली. ती माझ्या ओढणीच्या गाठीत होती. सगळं घर उलथं केलं, नवऱ्याला गाद्यांखाली शोधायला लावलं. त्या बिचाऱ्याने खरोखर शोधलं, कारण त्याला मी सांगितलं नव्हतं. तासाभराने किल्ली ‘सापडली’. मग देवापाशी दिवा लावायचा राहिला होता. मग चहा.

“गो बाय, पाणी येऊन जाईल!”

“निघालोच आप्पा, खलास, झालंच!”

आणि मग रस्ते. माझं सगळं ऑफिस ज्या रस्त्यांचे नकाशे बदलत होतं ते रस्ते त्या दिवशी माझ्या सेवेला उभे होते. वळणाची पाटी दिसली की मी वळायची. पायऱ्यांपर्यंत खरं तर सात मिनिटं. मी स्टेडियमला एक फेरी मारली, दुसरी मारली.

“हे स्टेडियम मघाशी येऊन गेलं.”

“हे वेगळं आप्पा. आठ बांधताहेत.”

तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “आठही एकाच पेट्रोल पंपाजवळ?”

सव्वासहाला मी ठरवलं की आता पुरे, हळूहळू वळावं. आणि नेमकं तेव्हाच, वाचकहो, मी खरंच चुकले. आदल्या दिवशीपर्यंत होता तो चौक तिथे नव्हता. बाण उजवीकडे म्हणाला म्हणून उजवीकडे गेले, तर दोन्ही बाजूंना अडथळे, मागे फिरायला जागा नाही, आणि गाडी सरळ मेसईदच्या रस्त्याला लागलेली. सहा पंचवीस. सहा पस्तीस. मेसईदच्या कारखान्यांची धुराडी दिसायला लागली. आता पाणी खरंच येऊन जाणार आणि ते माझ्यामुळे. आप्पा काचेबाहेर बघत होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि तेच मला सहन होईना.

सातच्या ठोक्याला पायऱ्यांवर पोचलो. पाणी होतं! खालून सातवी पायरी बुडालेली, आठवीवर चमचम. क्रेनवाला शेवटचा गळ टाकून बसला होता. “सलाम चाचा, आज बहुत पानी!”

मी दोन्ही हात पसरले. “बघा आप्पा! आली की नाही तुमची भरती? जरा उशीर झाला आपल्याला, पण पाणी बघा केवढं!”

आप्पा पायरीवर उकिडवे बसले. पाण्यावर शेवाळाचा एक झुबका तरंगत होता. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. झुबका हळूहळू आत चालला होता, वस्तीच्या बाजूला.

“पाणी चढतंय अजून,” ते म्हणाले.

मी हात खाली घेतले. साठ वर्षं ज्याने पाणी बघितलं त्याला चढतं-उतरतं पाणी कळणार नाही, असं मला वाटलंच कसं? एवढी रंगभूषा, एवढी फिरवाफिरवी, आणि एका शेवाळाच्या झुबक्याने पडदा फाडला.

“पावणेसहाला हे भरून उतरायला लागलं पाहिजे होतं. सात वाजून गेले, अजून चढतंय. म्हणजे मी चुकलो.” मग मान वळवून, “तुला कधीपासून माहीत?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

“कसं?”

मी फोन काढून दिला. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली, आणि एकेक दिवस बोटाने जुळवत गेले. संध्याकाळचे सगळे आकडे दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने बरोबर होते. क्रेनवाला वाकून बघत म्हणाला, “चाचा, मोबाइल जैसा ही है!” आप्पांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

“मला खेळवलंस.”

“हो.”

“कशापायी?”

आणि तेव्हा, नाइलाजाने, आमच्या घराण्यातलं पहिलं सरळ वाक्य मी बोलले. “आप्पा, तुम्ही तिथे खाडीत एकटे उतरता, त्याची मला भीती वाटते. गेल्या वर्षी मी हसले फोनवर. नंतर मला झोप नाही आली. अजून नाही येत.”

त्यांनी गळाला कोळंबी लावली, हात मागे घेऊन फेकली, दोरी बोटावर घेतली. पाणी आठव्या पायरीवर आलं.

“हे पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?”

“बोलले असते तर काय केलं असतं तुम्ही?”

“नाही म्हटलं असतं,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “दुसऱ्या दिवशी घरी गेलो असतो.”

“आणि आता?”

“आता...” आप्पांनी तोंड उघडलं, आणि दोरी सपकन सुटली.

पुढची दोन मिनिटं कोण काय ओरडत होतं ते मला विचारू नका. बोय माशांचा थवा पाण्याबाहेर फुटला, चांदीची नाणी उधळावीत तसा, आणि त्यांच्यामागे काहीतरी लांबलचक पाणी कापत गेलं. आप्पांचं बोट कापलं. मी त्यांचा सदरा मागून धरला, क्रेनवाल्याने माझी ओढणी धरली. आप्पा ओरडत होते, “ढील! ढील दे!” पण दोरी त्यांच्याच हातात होती. शेवटी क्रेनवाला कपड्यांसकट आठव्या पायरीवर उतरला आणि त्याने तो कल्ल्यात बोटं घालून वर काढला. हातभर लांब, रुपेरी, कुशीवर काळ्या ठिपक्यांची रांग.

“काय मासा हा, आप्पा?”

“नाव नंतर. आधी धर!”

घरात घट बसलेले, म्हणून मासा क्रेनवाल्याला दिला. तो नको नको म्हणत होता, पण त्याची पिशवी आधीच उघडी होती. आप्पांच्या बोटाला माझा रुमाल बांधला. दोघं पायरीवर बसून राहिलो. सव्वासातला पाणी जागच्या जागी थांबलं, अगदी मिनिटावर, आणि आप्पांनी ते वहीत लिहिलं.

घरी आल्यावर नवरा विचारायच्या आतच आप्पांनी त्याला हाक मारली. “जावईबापू, माझा व्हिसा महिनाभर वाढतो म्हणत होतात ना? वाढवा.”

“पण आप्पा, भरती...”

“भरती चुकली. मी हरलो. पण हिला एक गोष्ट लपवायला अख्ख्या शहराचे रस्ते लागतात. हिला अशी सोडून कसा जाऊ?” मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, “दिवाळीपर्यंत. पण गरवायचं सोड म्हणू नकोस. ते मी करणार नाही.”

“एकटे जाऊ नका, एवढंच म्हणते.”

“बघू.”

रविवारी पायऱ्यांपुढे निळे पत्रे उभे राहिले. आप्पा दिवाळीपर्यंत राहिले. रोज संध्याकाळी आम्ही दुसरी जागा शोधत गाडीतून हिंडायचो, आणि कुंपणाला कुठेतरी फट असेलच, या त्यांच्या आशेपायी मी दोनदा दंड होता होता वाचले. आश्विन तेवढा निभावला. पुढच्या वर्षीचा आश्विन त्यांच्या खाडीवर आला. मी दर दोन दिवसांनी फोन करायचे.

“गेला होतात?”

“गेलो होतो.”

“एकटे?”

“छे! सोबत होती की.”

“कोण होतं सोबत?”

इथे दर वेळी त्यांच्या गावातलं नेटवर्क जायचं.